आधी दगड, मग सुरी

घरासाठी सुरी घेताना दुकानात विचारले जाणारे प्रश्न साधारण ठरलेले असतात. स्टील कुठले, मूठ लाकडाची की प्लॅस्टिकची, एकच घ्यावी की सेट, जपानी घ्यावी का? यातला एकही प्रश्न फालतू नाही. पण पुढची दहा वर्षे ज्यावर अवलंबून असतात तो प्रश्न क्वचितच निघतो, तो म्हणजे हिची धार गेली की घरच्या घरी परत आणता येईल का आणि कशाने. खोक्यातून निघालेली जवळजवळ प्रत्येक सुरी पहिल्या दिवशी टोमॅटो नीट कापते. मग दोनशे रुपयांची काही आठवड्यांत आणि आठ हजारांची काही महिन्यांत टोमॅटोची साल चेंगरू लागते. दोघींना दगड लागला नाही, तर वर्षाअखेर दोघी एकाच खणात पडलेल्या असतात. म्हणून माझे म्हणणे असे की खरेदीचा क्रम उलटा करावा. आधी दगड घ्यावा आणि मग त्या दगडाचे ऐकेल अशी सुरी. या म्हणण्याचा सर्वांत जुना साक्षीदार आपल्याच स्वयंपाकघरात आहे. ती म्हणजे विळी.

विळीत पाते हलत नाही, भाजी हलते. पाटात रोवलेले वाकडे पाते, पाटावर दाबलेला पाय आणि भाजीला मोकळे दोन्ही हात एवढीच तिची रचना. टोकाला दातेरी खवणी असली की नारळाचेही काम भागते. बंगालची बोटी, आंध्रातली कत्तिपीट, कर्नाटकातली ईळिगे मणे, नेपाळची चुलेसी आणि गोव्यातली आदोळी या सगळ्या तिच्याच घराण्यातल्या. हे पाते वाकडे असण्यात मोठी हुशारी आहे. त्यावर भाजी ढकलली की ती नुसती दाबली जात नाही, धारेच्या लांबीवरून सरकतही जाते. अ‍ॅटकिन्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००४ साली चेडर चीज आणि सलामी कापून हीच गोष्ट मोजून दाखवली. पाते दाबताना जितके आडवे सरकवावे, तितका दाब कमी लागतो, आणि तो झपाट्याने कमी होतो. सुरीने कापताना हे सरकवणे हाताला मुद्दाम शिकवावे लागते. बहुतेकजण सुरी नुसती वरून दाबतात आणि मग ती कापत नाही म्हणून तिला नावे ठेवतात. विळीच्या आकारातच ही चाल बसवलेली आहे, त्यामुळे थोडी बोथट विळीही मेथीची जुडी किंवा गवारीची मूठ निभावून नेते. आपण जमिनीवरून उठून ओट्याशी उभे राहिलो, तेव्हा ही सवलत गेली. कापण्याचा भार पात्याच्या आकारावरून पात्याच्या धारेवर आला. नेमक्या त्याच काळात धार लावायचा दगड घरातून नाहीसा झाला.

विळीचे पोलाद कुठून येते, हेही पाहण्यासारखे आहे. आठवडी बाजारातला लोहार किंवा गावोगाव फिरणारा घिसाडी विळी, कोयता, खुरपे बनवायला पुष्कळदा मोडीतले ट्रकचे कमानपाटे वापरतो. ते स्प्रिंगचे पोलाद असते. त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, म्हणजे पाणी दिल्यावर धार धरण्याइतका कडकपणा येतो, आणि फार ठिसूळपणाही येत नाही. तापवून लाल केलेले पाते एकदम थंड केले की कडक होते, पण तसेच ठेवले तर काचेसारखे तडकते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून थोडे नरमवावे लागते. तापताना पोलादावर चढणारे रंग हाच जुन्या कारागिराचा तापमापक. दोनशे अंशांच्या पुढे फिकट पिवळा, मग तपकिरी-जांभळा, तीनशेच्या सुमारास निळा. विळीचे पाते बहुधा फार कडक ठेवलेले नसते. कागदावर हा तिचा दोष दिसतो, कारण धार लवकर जाते. घरात मात्र तोच तिचा गुण ठरतो. साध्या दगडाचे चार फटके दोन्ही बाजूंनी ओढले की धार परत येते. त्यासाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही, की कोनाचा हिशेब करावा लागत नाही.

तिचे दुखणे गंजाचे. ओली राहिली की गंजते, आणि वांगे, कच्चे केळे, केळफूल यांच्यातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन भाजीचे काप काळे पडतात. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून मिश्रधातूंवर काम करत होता. त्यातून त्याला न गंजणारे पोलाद सापडले आणि सुऱ्यांचा धंदा त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही. क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर गेले की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर बसतो आणि गंज थांबतो. पण न गंजणे आणि धार धरणे हे दोन वेगळे गुण आहेत. ताट-वाट्यांचे चांगले स्टील अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचे असते. त्याला कितीही पाणी द्या, ते कडक होत नाही. सुरीचे स्टील वेगळे, त्यात कार्बन हवाच. दुकानात लोहचुंबक लावून पाहिले तर एवढे कळते की न चिकटणारे पाते कडक होऊ शकणाऱ्या जातीचे नाही. चिकटलेले पाते चांगले आहे की नाही, हे मात्र चुंबक सांगत नाही. स्वस्त सुऱ्यांत कार्बन बहुधा ०.३ टक्क्यांच्या आसपास असतो. जर्मन घडणीच्या नावाजलेल्या सुऱ्यांत सुमारे ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असते, आणि रॉकवेल मापावर कडकपणा ५६च्या आगेमागे. जपानच्या व्हीजी-१० सारख्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या घरात आणि कडकपणा ६०च्या पुढे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. कडक पोलादाची धार जास्त टिकते, मग दगडाची कटकट कमी करायला महागडी कडक सुरीच का घेऊ नये? उत्तर असे की कडकपणा धार लावणे टाळत नाही, फक्त पुढे ढकलतो. आणि ती वेळ आली की काम जास्त कठीण झालेले असते. ६०च्या पुढचे पाते बारीक दगडावर नेटाने घासावे लागते. ते सुरणाच्या गड्ड्यात अडकवून पिळले, नारळाच्या करवंटीवर मारले किंवा हाडावर आपटले, तर धारेचे कण उडतात. मग बोथटपणा नव्हे, खाचे काढावे लागतात, आणि एक मिलिमीटरचा खाचा काढायचा म्हणजे अख्ख्या पात्यातून तेवढे पोलाद झिजवणे आले. आपल्या घरात एकच सुरी कोथिंबिरीपासून लाल भोपळ्यापर्यंत सगळीकडे चालवली जाते. तिथे ५६चे पोलाद शहाणपणाचे. ज्याला धार लावण्याची गोडी लागली आहे आणि जो भोपळ्यासाठी दुसरे पाते ठेवतो, त्याने जपानी जरूर घ्यावी. ती कापते तेव्हा सुखाने कापते. लाटालाटांच्या नक्षीला मात्र भुलू नये. ‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आजच्या सुऱ्यांत दोन पोलादांचे थर एकत्र घडवून नक्षी काढलेली असते, काही वेळा ती नुसती लेसरने कोरलेली असते. कापते ते मधले पोलाद. ज्या पोलादाच्या कीर्तीवर हे नाव चालते, ते मुशीतले पोलाद दक्षिण भारतात आणि दख्खनमध्ये होत असे. तेलंगणातले कोनसमुद्रम हे त्यातले एक गाव.

धार जाते कशी, हे नीट कळले तर निम्मे काम होते. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की पात्याच्या पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला केससुद्धा दाढीच्या पात्याचे कण उडवू शकतो. केस वाकून धारेला बाजूने ताण देतो, आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे तुकडा निघतो. स्वयंपाकघरात शत्रू याहून धटिंगण आहेत. ग्रॅनाइटच्या ओट्यातले गारेचे कण सुरीच्या पोलादाहून कठीण असतात, त्यामुळे ओट्यावर थेट लिंबू चिरणे म्हणजे धार दगडावर उलटी घासणे. स्टीलच्या ताटात कांदा कापणेही त्याच पठडीतले. लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट वापरावा. सुरी सिंकमध्ये भांड्यांखाली टाकू नये आणि पात्याला तारेची घासणी लावू नये. चिरलेली भाजी पाटावरून ढकलायची तर धारेने नव्हे, पाठीने. एवढ्याने धार दुप्पट टिकते असे मी आकड्यात म्हणणार नाही, पण फरक पहिल्या महिन्यातच दिसतो. मऊ पोलादाची धार पुष्कळदा झिजण्याआधी एका बाजूला कलते. अशा वेळी पोलादी सळई धारेवरून हलके फिरवली की ती सरळ होते. कडक जपानी पात्याला ती सळई लावू नये.

आता दगड. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा काळा दुतोंडी दगड सिलिकॉन कार्बाइडचा असतो. एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९१ साली तो भट्टीत बनवला आणि ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. कोयत्याला, विळीला तो उत्तम, पण सुरीसाठी त्याची बारीक बाजूही भरडच. सुरीला एक हजार ग्रिटचा, म्हणजे तेवढ्या बारीक कणांचा, पाण्याचा दगड घ्यावा. दुसऱ्या बाजूला तीन हजार असेल तर आणखी चांगले. दगड भिजवावा, खाली ओले फडके घालून तो घट्ट बसवावा आणि कोन एकदा ठरवून घ्यावा. पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे १२ मिलिमीटर उचलली की १५ अंश होतात आणि १५ मिलिमीटर उचलली की २०च्या जवळपास. घरच्या सुरीला या दोन्हींमधला कुठलाही कोन चालतो, फक्त तो शेवटपर्यंत तोच राहिला पाहिजे. मुठीपासून टोकापर्यंत एका बाजूने घासत राहावे. घासता घासता पलीकडच्या बाजूला पोलादाची बारीकशी किनार उलटते. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही, पण पाठीकडून धारेकडे बोट फिरवले की खरखर लागते. सगळी गोम या किनारीत आहे. ती पात्याच्या पूर्ण लांबीला येईपर्यंत बाजू बदलू नये, आणि आली की थांबावे. धार लागत नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकजण इथेच अधीर होऊन बाजू बदलतात, मग दोन्ही बाजू चकचकीत होतात आणि मधली धार जशीच्या तशी बोथट राहते. दुसऱ्या बाजूनेही किनार आली, की दाब कमी करत आळीपाळीने हलके हात फिरवावेत आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाते उलटे ओढावे. ओला टोमॅटो नुसत्या पात्याच्या वजनाने चिरला गेला तर काम झाले. नड असेल तेव्हा चिनी मातीच्या कपाच्या बुडाची बिनचकाकीची खरबरीत कडही चालते.

हे सगळे करण्यापेक्षा दारावर येणारा धारवाला काय वाईट, असे विचारले जाईलच. तो वाईट नाही. कात्रीला, सत्तुराला, खाचे पडलेल्या विळीला त्याचेच चाक हवे. पण पातळ सुरी कोरड्या चाकावर वेगाने घासली की धारेचा काठ क्षणात तापतो. काठ निळसर झाला, तर कारागिराने दिलेले पाणी तिथे उतरले असे समजावे. ती धार लागेल, पण टिकणार नाही. शिवाय प्रत्येक खेपेला चाक गरजेपेक्षा जास्त पोलाद खाते. खाचेत ओढून धार काढायच्या उपकरणाचीही तीच गत. त्यातले कठीण तुकडे पोलाद घासत नाहीत, खरवडतात. शंभर रुपयांच्या सुरीला ते खुशाल वापरावे. वेळ नाही, ही तक्रार मात्र मला पटत नाही. रोजचा वापर असलेल्या घरात दीड-दोन महिन्यांतून एकदा पंधरा-वीस मिनिटे लागतात. बोथट सुरीने कांदा चेंगरून डोळे पुसण्यात त्याहून जास्त वेळ जातो. धार जितकी बारीक, तितक्या कांद्याच्या पेशी कमी फुटतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू कमी सुटतो.

धारदार सुरी घरात धोक्याची, हा आक्षेप अर्धा खरा आहे. बोथट पाते जोर मागते आणि कांद्याच्या सालीवरून घसरून बोटावर येते. धारदार पाते घसरत नाही, पण लागले तर खोल लागते. विळीच्या बाबतीत हा आक्षेप पूर्ण खरा मानायला हवा. रांगते मूल असलेल्या घरात जमिनीवर उभे पाते नकोच. काम झाले की विळी आडवी ठेवायची, ही जुन्या घरांची शिस्त त्यातूनच आली आणि घडीच्या विळीनेही तेच साधले. गुडघे कुरकुरणाऱ्यांना जमिनीवर बसण्याचा आग्रह करण्यात अर्थ नाही. बारीक चिरायची कोथिंबीर, आले, मिरची यांतही सुरी सरस. पण फणस, सुरण, शहाळ्याचे खोबरे, पालेभाजीच्या जुड्या आणि मासे यांना विळीसारखे दुसरे काही नाही, त्यामुळे दोन्ही घरात असाव्यात हे बरे.

मग घ्यायचे काय? सहा सुऱ्यांचा सेट घेऊ नये. त्यातल्या चार कधी बाहेर निघत नाहीत. सात-आठ इंची पात्याची एक सुरी, सोलायला-कोरायला तीन-चार इंची दुसरी. मोठीचे पाते पाठीशी दोनेक मिलिमीटर जाड असावे आणि धारेकडे निमुळते होत गेलेले. धारेच्या लगेच वर ते जाड असेल, तर गाजर चिरण्याऐवजी फुटते आणि कितीही धार लावली तरी सुरी जड चालते. मूठ ओल्या हातातून निसटणारी नको. दगडाला हजार-दीड हजार रुपये मोकळ्या मनाने द्यावेत. तो कित्येक सुऱ्या झिजवेल, फक्त मधोमध खोलगट होऊ देऊ नये, कारण खोलगट दगडावर कोन सांभाळता येत नाही. त्यासाठी दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि सपाट फरशीवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर त्या रेघा पुसल्या जाईपर्यंत तो घासायचा.