मनाच्या जखमेवर उपचार कोण करणार?

अत्याचार झाला, खटला उभा राहिला, तरी झोपेत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. अशा माणसाला ‘विसर आता’ म्हणणे सोपे. विसरणे त्याच्या हातात नसते.

१९८७ साली फ्रान्सिन शापिरो ही अमेरिकन अभ्यासक बागेत फिरत होती. डोळे भरभर इकडून तिकडे फिरले आणि त्रासदायक विचारांची धार कमी झाली, असे तिला जाणवले. १९८९ मध्ये तिने २२ जणांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत व्हिएतनाम युद्धातले सैनिक होते, लैंगिक अत्याचार सोसलेले होते. हीच पुढे ‘ईएमडीआर’ झाली. रुग्णाने प्रसंग मनात धरायचा आणि उपचारकाच्या हलत्या बोटांमागे नजर न्यायची. डोळ्यांचा वाटा नेमका किती, यावर वाद आहे. असावाच, बाबावाक्य प्रमाण मानणारे आपण नव्हे. मात्र २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची शिफारस केली. शिवाय सगळा तपशील तोंडाने सांगावा लागत नाही. पोलीस ठाण्यात, कोर्टात तो कितीदा सांगून झालेला असतो!

घरच्या घरी हा प्रयोग नको. आधी मन सावरायला शिकवतात, मगच आठवणीला हात घालतात. त्याला प्रशिक्षित माणूसच लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचाराचा हक्क दिला आहे. तेव्हा नुकसानभरपाईच्या अर्जासोबत कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयात एक प्रश्न विचारावा: असा प्रशिक्षित माणूस इथे आहे का, आणि नसेल तर कधी येणार?