खड्डा बुजवण्याआधी

सरकारी इमारतीचं वायरिंग, गावातले पथदिवे, रुग्णालयातलं जनित्र, पंपघराचं पॅनेल ही सगळी कामं निविदेतून येतात. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाची विद्युत शाखा, महावितरण, जिल्हा परिषदा आणि महापालिका ती काढतात. गोव्यात वीजपुरवठाच सरकारी खात्याकडे आहे, त्यामुळे तिथे वीजखातंही स्वतः निविदा काढतं. पूर्वी कोरा फॉर्म विकत घ्यायला गेलेल्याला दारातच अडवलं जाई आणि पेटीत लिफाफा पडू दिला जात नसे. महाटेंडर्स हे ऑनलाइन निविदांचं पोर्टल आल्यावर ही दांडगाई बरीचशी संपली. डिजिटल सही असली की गडचिरोलीतला माणूसही रात्री घरी बसून टेंडर भरू शकतो. हा बदल मोठा आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

टेंडर दोन लिफाफ्यांत जातं. पहिल्या लिफाफ्यात पात्रता पाहतात. विद्युत कंत्राटदाराचा परवाना, परवानाधारक पर्यवेक्षक आणि वायरमन, नोंदणीचा वर्ग, उलाढाल, आधी केलेल्या कामांचे दाखले, बयाणा रक्कम. दुसऱ्या लिफाफ्यात फक्त दर असतो. खरी गोष्ट इथून सुरू होते.

आपल्याकडे बी-1 या निविदेच्या नमुन्यात कंत्राटदार प्रत्येक बाबीचा वेगळा दर देत नाही. खात्याच्या अंदाजपत्रकावर किती टक्के खाली किंवा वर, एवढाच आकडा तो टाकतो. 10 लाखांच्या कामाला 25 टक्के ‘बिलो’ गेलेल्याने ते साडेसात लाखांत करायचं असतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणात नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्के धरतात. मग 25 टक्के येतात कुठून? काही भाग प्रामाणिक असतो. स्विचगिअर आणि वायरवर घाऊक बाजारात घसघशीत सूट मिळते, ती दरसूचीत पूर्ण उतरलेली नसते. जाणकार कंत्राटदार त्या जोरावर खरोखर स्वस्तात काम करतो. उरलेला भाग मात्र मालातून निघतो.

अर्थिंगचा खड्डा घ्या. त्यात पुरायची प्रमाणित तांब्याची प्लेट 600 बाय 600 मिलिमीटर आणि 3.15 मिलिमीटर जाड असते. तिचं वजन भरतं साधारण 10 किलो. दीड मिलिमीटरची प्लेट टाकली तर पाच किलोही भरत नाही. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. कोळसा आणि मिठाचे थर भरले, माती लोटली, वर सिमेंटची चौकट आणि झाकण बसलं की मोजमाप वहीत नोंद होते ‘अर्थिंग, 1 नग’. रस्त्याचा डांबरथर पहिल्या पावसात उघडा पडतो, लोक ओरडतात. विजेचं काम भिंतीत आणि जमिनीत जातं. ते उघडं पडतं एखाद्याला धक्का बसल्यावर, नाहीतर आग लागल्यावर.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला लागलेल्या आगीत 10 बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्ष पेटला आणि 11 रुग्ण दगावले. या आगींचा ठपका कुठल्या निविदेवर ठेवायचा नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण सरकारी रुग्णालयांच्या विद्युत तपासणीची निकड राज्याला तेव्हा तीव्रतेने जाणवली. ही तपासणी काम ताब्यात घेतानाच नीट का होऊ नये, हा माझा प्रश्न आहे.

दर खाली जाणं ही एक अडचण, तर संगनमताने तो वर राहणं ही दुसरी. रेल्वेच्या डब्यांतील ब्रशलेस पंख्यांच्या निविदांत पुरवठादारांनी आपसांत वाटणी केल्याचं भारतीय स्पर्धा आयोगाने 2017 मध्ये ठरवलं. त्यांतल्या एकाने माहिती उघड केली म्हणून त्याचा दंड 75 टक्क्यांनी कमी झाला. अशी दंडसवलत आयोगाने दिली ती याच प्रकरणात पहिल्यांदा. पोर्टलमुळे दारातली अडवणूक थांबते, फोनवरचं संगनमत थांबत नाही.

आणि तरीही नीचांकी दर म्हणजे वाईट माल, असं सरसकट म्हणता येत नाही. एलईडी बल्बची सरकारी खरेदी 2014 मध्ये 310 रुपयांना होत होती. उजाला योजनेच्या मोठ्या निविदांनी काही वर्षांतच ती 40 रुपयांच्या आत आणली. तिथे मागणी प्रचंड होती आणि बल्बवर तीन वर्षांची बदलून देण्याची हमी होती. बल्ब प्रयोगशाळेत नेऊन तपासता येतो. बुजवलेला खड्डा नेता येत नाही, म्हणून तो बुजवण्याआधीच पाहावा लागतो.

खात्यांना हे कळत नाही असं नाही. दर फार खाली असेल तर महाराष्ट्रात जादा सुरक्षा ठेव भरावी लागते. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 च्या सूचनांत नीचांकी दराच्या पद्धतीच्या मर्यादा मान्य केल्या आणि ठरावीक कामांत गुणवत्तेला गुण देण्याची मुभा दिली. पण शाळेच्या वायरिंगचं दहा लाखांचं काम अशा गुणांकनात क्वचितच बसेल. त्याला जादा ठेवीपेक्षा इन्सुलेशन तपासणाऱ्या मेगरची आणि अर्थ रोध मोजणाऱ्या अर्थ टेस्टरची जास्त गरज आहे. प्लेटचं वजन आणि जाडी अभियंत्यासमोर घ्यावी, खड्डा उघडा असतानाचा फोटो तारीख आणि स्थळासह मोजमाप वहीला जोडावा, इन्सुलेशन आणि अर्थ रोधाची आकडेवारी जोडल्याशिवाय बिल पुढे सरकू नये. याला नवा कायदा लागत नाही.

कंत्राटदाराची बाजूही यातच येते. जुलै 2022 मध्ये सरकारी कामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. तांब्याचा भाव महिन्यात हलतो, पण छोट्या कामांना भाववाढीचं कलम बहुधा नसतं. बिलातून आयकर, जीएसटीची कपात, 1 टक्का कामगार उपकर आणि अनामत कापली जाते. एवढं होऊन बिल निघेल कधी, हे कुणी सांगत नाही. थकलेल्या बिलांसाठी 2025 मध्ये राज्यभरचे कंत्राटदार रस्त्यावर आले होते. व्याजाने पैसे उचलून काम पुरं करणाऱ्याला पाच किलो तांब्याचा मोह होतो. तो मी क्षम्य मानत नाही, पण वर्क ऑर्डर देताना निधी हाताशी ठेवणं ही खात्याचीही जबाबदारी आहे. चाचणीचा अहवाल आला की ठरलेल्या दिवसांत बिल निघेल, असं निविदेतच लिहून द्यावं आणि ते पाळावं. तेव्हाच अंदाजपत्रकाजवळचा दर भरणारा नीट माणूस पुन्हा टेंडर टाकायला येईल. आज असे अनेकजण खासगी कामांकडे वळले आहेत.