ऊस थांबत नाही

उसावर कोयता पडला की त्यातली साखर कमी व्हायला लागते. कांड्यात साखरेचे रेणू तुटतात, त्यांचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि या दोघांचे दाणे कढईत धरत नाहीत. ते मळीबरोबर वाहून जातात. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गाळायचा. खानदेशातला शेतकरी भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवतो, ते भाग्य उसाच्या शेतकऱ्याला नाही. ज्याच्या हाती जवळचा कारखाना, त्याच्या हाती अख्ख्या पंचक्रोशीचं पीक.

विसाव्या शतकात दोन महासत्ता ज्या प्रश्नावरून एकमेकींवर अण्वस्त्रं रोखून उभ्या राहिल्या, तोच प्रश्न या रसायनातून उभा राहतो: कारखाना कुणाचा? अमेरिका म्हणे, ज्याने भांडवल घातलं त्याचा. सोव्हिएत रशिया म्हणे, कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याचा. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या पुरुषोत्तमनगरात या प्रश्नाचं तिसरंच उत्तर आहे. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला तापी आणि मध्ये सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं धुराडं. पी. के. अण्णा पाटलांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. त्याचे मालक त्याला ऊस घालणारे सभासद. शेअर एक असो की पन्नास, मत एकच.

हे उत्तर किती वेगळं होतं ते पाहायला १९६० सालच्या क्यूबात जावं लागतं. तिथल्या अनेक मोठ्या साखर कारखान्यांची मालकी अमेरिकी कंपन्यांकडे होती आणि साखरेचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. त्या वर्षी फेब्रुवारीत सोव्हिएत नेते मिकोयान हवानात उतरले आणि पाच वर्षं दरवर्षी दहा लाख टन साखर घेण्याचा करार करून गेले. जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी क्यूबाच्या कोट्यातली सात लाख टन साखर कापली. मॉस्कोने लगेच कळवलं, तीही आम्ही घेतो. ऑगस्टमध्ये कास्त्रोंनी अमेरिकी कारखाने सरकारजमा केले. दोन वर्षांनी क्षेपणास्त्रांवरून जग ज्या कड्यावर जाऊन उभं राहिलं, त्या वाटेची सुरुवातीची पावलं साखरेच्या पोत्यांवरून पडली होती. क्यूबाचा तो कोटा अमेरिकेने इतर देशांना वाटून दिला आणि त्या देशांत भारतही होता. कॅरिबियन समुद्रातल्या भांडणामुळे आपल्या साखरेला अमेरिकेची बाजारपेठ उघडली, याचं मला आजही नवल वाटतं.

त्याच १९६० साली, मे महिन्यात महाराष्ट्र राज्य जन्माला आलं आणि त्याच सालचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला. पाया त्याआधीच घातला गेला होता. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचं गाळप १९५०च्या अखेरीस सुरू झालं. गाडगीळ काही वर्षं त्याचे अध्यक्षही होते. एक जेमतेम शाळा शिकलेला शेतकरी आणि एक केंब्रिजला शिकलेला विद्वान, दोघांनी मिळून गावोगाव शेअर गोळा करावेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावं. सरकारने भागभांडवल घातलं, वित्तसंस्थांनी कर्ज दिलं, पण संचालक मंडळ निवडलं ते शेतकऱ्यांनी. भांडवलशाहीतला बाजार आणि समाजवादातलं नियोजन, दोन्ही एका आवारात नांदू लागले.

नांदू लागले हे मी शब्दशः म्हणतो. १९६७ पासून कारखान्याच्या साखरेचे दोन भाग झाले. बराचसा भाग लेव्हीचा, म्हणजे सरकार ठरवेल त्या भावाने रेशनसाठी द्यायचा. उरलेली साखर खुल्या बाजारात. सुरुवातीला हे प्रमाण साठ-चाळीस होतं, पुढे ते बदलत गेलं. एकाच कढईतली साखर, एकाच शिवणीची पोती, एकाच गोदामात थप्पी लावलेली. त्यातल्या एका पोत्याची किंमत दिल्लीत ठरायची आणि शेजारच्याची व्यापाऱ्याच्या बोलीवर. बर्लिनमध्ये दोन अर्थव्यवस्थांच्या मध्ये भिंत बांधावी लागली. इथे हिशेबाच्या दोन वह्या पुरल्या. २०१३ साली लेव्ही संपली तोवर ती भिंत पडून चोवीस वर्षं होत आली होती.

पुरुषोत्तमनगरच्याच शहादा तालुक्यात शेतकऱ्यांची एक सहकारी सूतगिरणी आहे आणि तिला नाव आहे लोकनायक जयप्रकाश नारायण यांचं. हे जयप्रकाश १९२२ साली शिकायला अमेरिकेत गेले आणि तिथल्या विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात मार्क्सवादी झाले! भांडवलशाहीच्या घरात साम्यवाद शिकलेला हा माणूस पुढे दोन्ही सोडून विनोबांच्या सर्वोदयाकडे वळला.

तिसरं उत्तर मात्र सगळ्यांपर्यंत पोचलं नाही, आणि ते इथल्याच मातीने सांगितलं. सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन हवी, जमिनीला पाणी हवं. शहाद्याच्या सुपीक पट्ट्यातल्या भिल्ल आणि पावरा आदिवासींच्या जमिनी कर्जाच्या, गहाणाच्या वाटेने हातातून गेलेल्या होत्या. ज्यांच्या बापजाद्यांची शेती, ते त्याच शेतावर वर्षाच्या बोलीने राबणारे सालदार झाले. अंबरसिंग सुरतवंती त्यांच्यातूनच उभे राहिले. ते भजन गात, सर्वोदयाच्या कार्यकर्त्यांबरोबर काम करत. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यात भूमुक्ती परिषद भरली. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली आणि पुण्या-मुंबईची शिकलेली डावी तरुण मंडळी सालदारांच्या झोपड्यांत राहायला आली. त्यांतले एक कुमार शिराळकर, आयआयटी मुंबईतून अभियंता होऊन आलेले. ही आयआयटी १९५८ साली युनेस्कोच्या मार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर उभी राहिली होती. मॉस्कोने यंत्रं पाठवली ती भारताच्या उद्योगासाठी. तिथे शिकलेला एक अभियंता कारखान्यांकडे न जाता मजुरांना मजुरीचा हिशेब समजावून सांगत सातपुड्याच्या पायथ्याशी राहिला. मॉस्कोच्या कुठल्या योजनेत हे लिहिलेलं असणार?

धुळ्याचे शरद पाटील आणखी पुढे गेले. मार्क्सवादी पक्षात वर्षानुवर्षं काम केल्यावर १९७८ साली त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांचं म्हणणं होतं, या देशात वर्गाबरोबर जात पाहिली नाही तर शोषण समजणारच नाही. मार्क्सच्या शेजारी त्यांनी फुले आणि आंबेडकर बसवले. वॉशिंग्टन आणि मॉस्को या दोघांच्याही पुस्तकात नसलेला हा मुद्दा खानदेशातून मांडला गेला, आणि मला वाटतं शीतयुद्धाच्या काळात मराठीत झालेल्या विचारांपैकी हा सर्वांत धाडसी विचारांतला एक आहे.

तिकडे क्यूबात कास्त्रोंनी १९७० साली एक कोटी टन साखरेचा पण केला. १९६९चा नाताळसुद्धा हंगामासाठी पुढे ढकलला, कचेऱ्यांतले कारकून फडात उतरले. साखर झाली सुमारे पंच्याऐंशी लाख टन. सोव्हिएत संघ चढ्या भावाने घेत राहिला तोवर गाडी चालली. १९९१ साली तो संघच मोडला. २००२ मध्ये क्यूबाने आपल्या १५६ साखर कारखान्यांपैकी ७१ बंद करायचं ठरवलं. मालक राज्य होतं, पण ऊस पिकवणाऱ्याला त्या निर्णयात मत नव्हतं.

पुरुषोत्तमनगरच्या सभासदाला मत आहे. ऊस तोडणाऱ्याला नाही. खानदेशातल्या आदिवासी टोळ्या कित्येक दशकं दर हंगामात मुकादमाची उचल घेऊन दक्षिण गुजरातेत, बारडोलीच्या बाजूला तोडीला जातात. ज्या कारखान्यांसाठी त्या ऊस तोडतात, तेही सहकारीच आहेत.