अडत कमी झाली, फायदा कुणाचा?

१४,६६३ डॉलर. गिऱ्हाईक तेच, मोटार तीच आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणारी रक्कमही तीच. तरी विक्रेत्याच्या हाती पडणाऱ्या पैशांत एवढी तफावत येऊ शकते. मोटार कुठल्या लिलावात विकली, एवढंच त्याचं कारण.

समजा, अमेरिकेतल्या एकाने जुन्या पोर्शे ९११साठी कर आणि वाहतूक सोडून १,१०,००० डॉलर बाजूला ठेवले आहेत. प्रत्यक्ष भरणाऱ्या लिलावात खरेदीदाराकडून १० टक्के अडत घेतली जात असेल, तर त्याला १,००,०००च्या पुढे बोली नेता येत नाही. विक्रेत्याकडूनही १० टक्के कापले, की त्याला ९०,००० मिळतात. हीच गाडी ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या संकेतस्थळावर आली, तर खरेदीदाराची अडत ५ टक्के. म्हणजे बोली १,०४,७६२पर्यंत जाते. विक्रेत्याने साध्या नोंदणीचे ९९ डॉलर भरले, की उरतात १,०४,६६३.

महाराष्ट्राने २०१६ साली फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हाही अडतीचा भार खरोखर कुणावर पडतो, हा प्रश्न उभा राहिला होता. पावती कुणाच्याही नावावर फाडा, घेणारा अडत मनात धरूनच भाव बोलतो. मोटारींचंही तसंच आहे. म्हणून ऑनलाइन लिलावाचा मोठा लाभ विकणाऱ्याला झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाभ सर्वांना सारखा नाही. ‘ब्रिंग अ ट्रेलर’ची किमान अडत २५० डॉलर. ३,००० डॉलरची खटारा गाडी घेणाऱ्याला ती ८.३ टक्के पडते. कमाल मर्यादा ७,५०० धरली, तर दीड लाख डॉलरच्या पुढे अडत वाढतच नाही. दहा लाखांच्या गाडीवर ती अवघी पाऊण टक्का होते. प्रत्यक्ष लिलाव भरवणाऱ्या आरएम सदबीज या संस्थेचा अमेरिकेतला दर अनेक वर्षं पहिल्या अडीच लाखांवर १२ आणि त्यापुढे १० टक्के राहिला. त्या दराने दहा लाखांवर १,०५,००० डॉलर होतात.

२००७मध्ये ‘ब्रिंग अ ट्रेलर’ सुरू झालं ते इतरत्र विकायला निघालेल्या वेधक गाड्यांची माहिती देण्यासाठी. स्वतःचे लिलाव २०१४पासून. २०२०मध्ये हर्स्ट या माध्यमसमूहाने ते विकत घेतलं आणि २०२२मध्ये तिथली वर्षभराची विक्री १.३ अब्ज डॉलरच्या वर गेली. लिलाव साधारण सात दिवस चालतो. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली, की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर येतं. ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या लिलावात शेवटच्या सेकंदाला बोली टाकून इतरांना गाफील पकडता येतं. इथे समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो. विक्रेत्याच्या दृष्टीने तीही कमाईच.

मग खरेदीदाराच्या वाट्याला काय येतं? तपासणीची जबाबदारी. गाडीचे पैसे तो थेट विक्रेत्याला देतो. संकेतस्थळ फक्त आपली अडत घेतं. गाडी हजारो किलोमीटर लांब असते, आणि शेकडो छायाचित्रं असली तरी गंज नेमका न टिपलेल्या कोपऱ्यात असू शकतो. म्हणून थंड इंजिन सुरू करतानाचं चित्रीकरण मागावं, खालून काढलेले फोटो मागावेत, इंजिनाचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहावा. रंगाची जाडी मोजणारं यंत्र पत्र्यावर ठेवलं, की कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. एकाच दारावर आकडा हजाराच्या घरात गेला, तर आत पुट्टी भरलेली असण्याची दाट शक्यता. बोली लावण्याआधी तिथल्याच मेकॅनिककडून हे सगळं पाहून घ्यायला काही शे डॉलर लागतात. वरच्या पोर्शेच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि ती वाचवणं मला मुळीच पटत नाही.

हिशेबात विक्रीकरही धरावा लागतो. कॅलिफोर्नियात हा कर किमान ७.२५ टक्के. १,०४,७६२ डॉलरवर तो सुमारे ७,५९५ होतो, म्हणजे ५,२३८ डॉलरच्या अडतीहून जास्त. बोलीचा कमाल आकडा ठरवताना आधी हा कर वजा करावा, मग वाहतूक, मग अडत. उरेल तेवढीच बोली.