वळवी आधी की वसावे?

नंदुरबार जिल्ह्यातील कोणतीही मोठी यादी उघडा. वळवी, वसावे, पाडवी, पावरा, गावित ही आडनावे पुन्हा पुन्हा भेटतात. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. शाळेत शिकलेल्या या क्रमाने वसावे आधी आणि वळवी नंतर यायला हवेत. जुन्या वेब-प्रणालीत मात्र रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करून यादी लावली, की पुष्कळदा वळवी आधी येतात. छापील यादी हाती घेतलेला माणूस वसाव्यांच्या पुढची पाने चाळतो आणि 'यादीत नाव नाही' असे समजून परततो. नाव असते, फक्त दुसऱ्या जागी. यादी शिष्यवृत्तीची किंवा वनहक्क दाव्यांची असेल, तर ही चूक एका अक्षरापुरती राहत नाही.

याचे कारण साधे आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, त्याचा क्रमांक ओळखतो. युनिकोडमध्ये ल २३५४, ळ २३५५, व २३५७, स २३६० आणि ह २३६१ आहे. ही मांडणी १९८८च्या 'इस्की' या भारतीय संकेतावरून आली. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच आराखडा ठेवताना त्यात ळ हा ल-च्या शेजारी बसला. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र क्रमांकच नाही. ते क आणि ज यांच्या पोटात जातात. 'ॲ' २००८ साली २४१८ या क्रमांकावर आला, म्हणून तो ह-च्याही पुढे पडतो. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन टंकलेला ॲ दिसायला तसाच, पण यादीत अगदी सुरुवातीला. एकाच यादीत अशी दोन्ही रूपे असली की नावे दोन टोकांना विखुरतात.

अंकांचा घोटाळा वेगळा. शहादा तालुक्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. हा क्रमांक नेहमी बारा अंकी असतो. तो मजकूर म्हणून साठवला तरी क्रम बिघडत नाही. जमिनीच्या गट क्रमांकाचे तसे नाही. ९, १०, १०१ हे मजकूर म्हणून लावले तर १०, १०१, ९ असे येतात. तारखाही मजकूर असतील तर १५/०१/२००६ ही तारीख ०१/१२/२००९च्या नंतर जाते.

दोष शोधताना थरागणिक जावे. आधी डेटाबेसमध्येच थेट क्रम लावून पाहावा. तिथेच चुकत असेल, तर रकान्याचा प्रकार आणि त्याचे 'कोलेशन', म्हणजे तुलनेचा नियम, तपासावा. तिथे बरोबर असेल, तर दोष वरच्या थरात आहे. २००५च्या एएसपी डॉट नेट २.०मधील 'ग्रिडव्ह्यू' हे नमुन्यादाखल घेऊ. त्यात डेटा कोडमधून जोडला असेल, तर क्रम लावण्याची घटनाही कोडमध्येच हाताळावी लागते. नाहीतर क्लिक करताच त्रुटी येते. 'डेटाटेबल'मधील मजकुराची तुलना त्याच्या 'लोकेल'नुसार होते, तेव्हा तेही पाहावे. मग पाने तपासावीत: क्रम सगळ्या यादीला लागतो, की समोरच्या वीस ओळींनाच? शेवटी नावाआधीची मोकळी जागा आणि जोडाक्षरांतली न दिसणारी चिन्हे शोधावीत.

जुनी प्रणाली बदलता येत नसेल, तर एक सोपा उपाय आहे. मूळ नावाला हात न लावता शेजारी एक 'क्रम-किल्ली' रकाना ठेवावा. त्यात ळ, क्ष, ज्ञ यांना ह-नंतरची चिन्हे द्यावीत, ॲ-ची दोन्ही रूपे एक करावीत आणि गट क्रमांकांना पुढे शून्ये जोडून लांबी सारखी करावी. यादी या रकान्यावर लावावी. दाखवावे मात्र मूळ नाव. काही कोश क्ष-ला क-मध्येच धरतात, म्हणून कोणता क्रम पाळला हे यादीच्या माथ्यावर छापावे.

दुरुस्ती झाली की नाही, हे ठरवायला दहा-बारा नावांची चाचणी-यादी पुरते. तिच्यात वसावे आणि वळवी असलेच पाहिजेत. आणि ती यादी संगणकाच्या जाणकाराने नव्हे, तर रोज नावे शोधणाऱ्या माणसाने वाचून पाहावी. त्याला नाव पहिल्या प्रयत्नात सापडले, तरच क्रम बरोबर.