अवघड प्रश्नाला मेंदूचे सोपे उत्तर

बोटाला शाई लागते, बटण दाबले जाते, व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते, बीप वाजतो आणि पुढच्या पाच वर्षांचा निर्णय होऊन जातो. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ६४ कोटींहून अधिक भारतीयांनी हे केले. त्यातल्या बहुतेकांना ‘तुम्ही याच उमेदवाराला मत का दिले?’ असे विचारले, तर उत्तर तयार असेल. पण ते उत्तर आणि मत ठरण्याचे खरे कारण एकच असते का, हा प्रश्न मानसशास्त्रज्ञांना अनेक दशके सतावतो आहे.

मनाच्या कामकाजाची एक खोड नोबेल पारितोषिक विजेते दिवंगत मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी दाखवून दिली. समोर अवघड प्रश्न आला की मन गुपचूप त्याच्या जागी एक सोपा प्रश्न ठेवते, त्याचे उत्तर देते आणि अवघड प्रश्न सुटला असे समजते. ‘हा उमेदवार पुढची पाच वर्षे खासदार म्हणून कसे काम करील?’ हा प्रश्न खरोखर अवघड आहे. ‘माणूस कर्तबगार दिसतो का?’, ‘नाव ओळखीचे आहे का?’, ‘आपल्यातला आहे का?’ हे प्रश्न सोपे आहेत. अदलाबदल इतकी सहज होते की ती झाल्याचे आपल्याला कळतही नाही.

चेहरा पाहून कप्तान

प्रिन्स्टन विद्यापीठातील अलेक्झांडर टोडोरोव आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकी सिनेटच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन उमेदवारांचे फोटो लोकांना दाखवले आणि ‘यातला अधिक सक्षम कोण वाटतो?’ एवढेच विचारले. चेहरा ओळखीचा असेल तर ते उत्तर धरले नाही. तरीही अधिक सक्षम ‘वाटलेला’ उमेदवार सुमारे ७० टक्के लढतींत प्रत्यक्षात जिंकलेला होता. फोटो केवळ एक सेकंद दाखवला तरी निकाल जवळपास तसाच राहिला.

चार वर्षांनी स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी ५ ते १३ वर्षांच्या मुलांना फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतील उमेदवारांचे फोटो दाखवले. मुलांना निवडणुकीबद्दल काहीच सांगितले नव्हते. ‘तुमच्या जहाजाचा कप्तान कोणाला कराल?’ एवढाच प्रश्न होता. मुलांनी निवडलेला कप्तान सुमारे ७१ टक्के वेळा निवडणूक जिंकलेला उमेदवार निघाला.

याचा अर्थ निवडणूक चेहऱ्यावरच ठरते असा नाही. पक्ष, स्थानिक प्रश्न, सरकारचे काम यांचा वाटा मोठा असतोच. अमेरिकेतील पुढच्या अभ्यासात असेही दिसले, की चेहऱ्याचा प्रभाव सर्वाधिक पडतो तो राजकारणाची माहिती कमी आणि टीव्ही पाहणे जास्त असलेल्या मतदारांवर. माहितीची जागा रिकामी राहिली की ती चेहरा भरून काढतो.

यादीतली जागा, नाव आणि चिन्ह

अमेरिकेतील ओहायो राज्यात मतपत्रिकेवर नावांचा क्रम मतदान केंद्रागणिक बदलतो. त्याचा फायदा घेऊन झालेल्या अभ्यासात अनेक लढतींत पहिल्या क्रमांकावरच्या नावाला सरासरी दोन-अडीच टक्के मते जास्त मिळाल्याचे आढळले. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसेल तेव्हा हा परिणाम वाढतो.

आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, असा क्रम असतो. प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमाने येतात. चिन्ह आणि उमेदवाराचा फोटो जोडीला असल्याने मतदार सहसा गोंधळत नाही. पण कधी कधी चिन्हच फसवते. २०२४ मध्ये दिंडोरी मतदारसंघात एका पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि त्याच पक्षाच्या उमेदवाराशी आडनाव जुळणाऱ्या एका अपक्षाला ‘तुतारी’ मिळाली होती. त्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. ती सगळी चुकून पडली असे म्हणता येणार नाही आणि पक्षाचा उमेदवार तिथे जिंकलाही. मात्र पुढे निवडणूक आयोगाने ते मुक्त चिन्ह गोठवले. घाईत असलेला मेंदू पूर्ण चित्र पाहत नाही, ओळखीचा तुकडा शोधतो.

वारंवार ऐकलेले खरे वाटते

प्रचाराचे सगळ्यात जुने हत्यार म्हणजे पुनरुक्ती. १९७७ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने काही विधाने ऐकवली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारले. काही विधाने खरी होती, काही खोटी. जी पुन्हा पुन्हा ऐकवली, ती दर वेळी थोडी अधिक खरी वाटू लागली. नंतरच्या प्रयोगांत दिसले, की खरे उत्तर माहीत असणाऱ्यांवरही हा परिणाम होतो. ऐकलेली गोष्ट डोक्यात सहज शिरते आणि तो सहजपणा मेंदू खरेपणाची खूण समजतो. एकच फॉरवर्ड चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला की चार पुरावे मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पुरावा एकही वाढलेला नसतो.

मत आधी, कारणे मागून

सर्वांत चकित करणारा प्रयोग स्वीडनमधला आहे. २०१० च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी मतदारांकडून डाव्या आणि उजव्या आघाडीत मतभेद असलेल्या १२ मुद्द्यांवरची प्रश्नावली भरून घेतली. हातचलाखीने काही उत्तरे उलटी करून तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि ‘असे का वाटते?’ असे विचारले. बदललेल्या उत्तरांपैकी जेमतेम २२ टक्के लोकांच्या लक्षात आली. उरलेल्यांचे समर्थन त्यांनी मनापासून केले. ज्या भूमिकेवर त्यांनी थोड्याच वेळापूर्वी विरुद्ध बाजूची खूण केली होती, तिच्या बाजूने व्यवस्थित कारणे दिली.

या प्रयोगाला एक आशादायक बाजूही होती. बदललेल्या उत्तरांवर चर्चा झाल्यावर जवळपास निम्मे मतदार दुसऱ्या आघाडीचाही विचार करायला तयार दिसले. आपण ज्याला पक्के मत समजतो, त्यातला बराच भाग सवयीचा असतो. मुद्द्यांवर शांतपणे बोलले की तो सैल होतो.

मग आडवाटा टाळायच्या का?

सगळ्याच आडवाटा चुकीच्या नसतात. रिचर्ड लाऊ आणि डेव्हिड रेडलॉस्क या अमेरिकी अभ्यासकांनी ‘बरोबर मत’ अशी कल्पना मांडली: पूर्ण माहिती असती तर मतदाराने स्वतःच्याच मूल्यांनुसार ज्याला निवडले असते, त्यालाच दिलेले मत. त्यांच्या मोजणीनुसार अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांत सुमारे ७० टक्के मतदार असे मत देतात. प्रत्येक जाहीरनामा न वाचताही बहुतेकांना हे जमते, कारण पक्षासारखी खूण बरीच माहिती एका शब्दात सांगते.

भारतात तर ही खूण अधिकच वजनदार आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी तरतुदीमुळे खासदाराला सभागृहात पक्षाच्या व्हिपप्रमाणे मत द्यावे लागते, नाहीतर सदस्यत्व धोक्यात येते. त्यामुळे कायद्यांच्या बाबतीत पक्ष पाहून मत देणे हा आळशीपणा ठरत नाही. पण मंत्र्यांना प्रश्न विचारणे, समित्यांमध्ये अभ्यास करून बोलणे, वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी कुठे वापरायचा हे सुचवणे, या गोष्टी व्यक्तीवर अवलंबून असतात. गल्लीतले गटार आणि नळाचे पाणी हे मात्र नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे काम. त्यावरून खासदार ठरवणे हाही प्रश्नाची अदलाबदल करण्याचाच प्रकार.

कागद, पेन आणि पंधरा मिनिटे

मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचाराला बंदी असते. हा शांत वेळ डोके वापरायला चांगला. संशोधनाचा आधार असलेला सोपा क्रम असा:

● उमेदवारांची नावे पाहण्याआधी स्वतःला महत्त्वाचे वाटणारे तीन-चार मुद्दे लिहावेत: रोजगार, शेतमालाचा भाव, शिक्षण, आरोग्य, कायदा-सुव्यवस्था, जे असेल ते. नाव आधी समोर आले की मुद्दे त्या नावाला सोयीचे निवडले जातात.

● प्रत्येक मुद्दा लोकसभेच्या अखत्यारीत येतो का, हे तपासावे.

● प्रमुख उमेदवारांची शपथपत्रे पाहावीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निकालामुळे गुन्हेगारी खटले, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण यांची माहिती देणे बंधनकारक झाले. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळते. खटला असणे म्हणजे दोषी असणे नव्हे. पण कलमे कोणती आहेत आणि आरोप निश्चित झालेत का, हे वाचण्यासारखे असते.

● विद्यमान खासदार उभे असतील तर त्यांची उपस्थिती, विचारलेले प्रश्न आणि चर्चेतील सहभाग लोकसभेच्या नोंदींत सापडतो.

● आवडत्या उमेदवाराविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा एका वाक्यात लिहावा. तो लिहिताच येत नसेल, तर माहिती एकाच बाजूची आहे असे समजावे.

● घरातल्या किंवा शेजारच्या, वेगळे मत असलेल्या एका व्यक्तीशी बोलावे. जिंकण्यासाठी वाद घालू नये, तिची कारणे ऐकून घ्यावीत.

एवढे करूनही कोणीच पटले नाही, तर २०१३ पासून ‘नोटा’चा पर्याय आहे. २०२४ मध्ये इंदूरमध्ये दोन लाखांहून अधिक मतदारांनी तो वापरला. मात्र ‘नोटा’ला सर्वाधिक मते मिळाली तरी उमेदवारांमध्ये ज्याला जास्त मते असतील तोच खासदार होतो, हे बटण दाबण्यापूर्वी लक्षात घ्यावे. यादीतला त्यातल्या त्यात बरा उमेदवार निवडायचा की नापसंती नोंदवायची, हे कोणताही प्रयोग सांगू शकत नाही. ते मतदारालाच, त्या तीन-चार ओळींचा कागद समोर ठेवून ठरवावे लागते.