पेटीत कोण बसणार?

मुलांनो, चिंचेच्या झाडावरून पडून नाहीतर कबड्डी खेळताना हात मोडून घेतलेला एखादा वीर तुमच्या वर्गात असेलच. त्याला विचारा, एक्स-रे काढताना काय झालं? तो सांगेल, "हात टेबलावर ठेवायला लावला, 'हलू नकोस' म्हणाले, आणि मला एकट्याला सोडून ते काका आडोशाला गेले!"

आता किरण जर धोक्याचे, तर पेशंटला पुढे करून काका का लपतात? तर तुमच्या मित्राचा एक्स-रे निघतो क्षणभरात, तोही कधीतरी एखाद्या वेळी. काका मात्र दिवसभर तेच काम करतात आणि वर्षानुवर्षं करतात. रोजचे थोडे थोडे किरण साठत गेले, तर त्याचा हिशोब मोठा होतो. म्हणून तो आडोसा. आणि या आडोशाची गोष्ट एक्स-रेच्या शोधाइतकीच जुनी आहे बरं का!

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण सापडले. पुढच्या प्रयोगांसाठी त्यांनी जस्ताच्या पत्र्यांची एक पेटी करून घेतली. केवढी? तर ते स्वतः आणि त्यांची उपकरणं आत मावतील एवढी! तिला जस्ताचंच दार. दारासमोरच्या भिंतीवर शिशाचा पत्रा. किरण सोडणारी नळी पेटीच्या बाहेर, आणि तिच्यासमोर भिंतीत चार सेंटिमीटर रुंदीची खिडकी, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने बंद केलेली. किरण यायचे ते फक्त तिथून. गंमत अशी, की ही पेटी जीव वाचवायला केलेली नव्हती. किरणांचा हवेवर होणारा परिणाम त्यांना मोजायचा होता आणि नको तिथून आलेले किरण त्यात लुडबुड करायला नको होते. पण त्या शिशाने त्यांचंही रक्षण केलंच असणार.

इतरांकडे अशी पेटी नव्हती. अमेरिकेत थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा कुशल कारागीर होता. काचेच्या नळ्या फुंकून तयार करायच्या आणि नळी नीट चालते का ते तपासायचं, हे त्याचं काम. तपासायचं कसं? नळी सुरू करायची, पुढे स्वतःचा हात धरायचा आणि पडद्यावर हाडं स्पष्ट दिसतात का ते बघायचं. असं कितीतरी वेळा! हातांची कातडी भाजल्यासारखी झाली, जखमा भरेनात. शेवटी दोन्ही हात कापावे लागले आणि तरीही तो वाचला नाही. १९०४ साली तो गेला तेव्हा चाळिशीचाही नव्हता. एडिसनसारख्या माणसाने या किरणांचं काम सोडून दिलं, ते याच धसक्याने.

त्याच सुमारास बॉस्टन शहरात विल्यम रॉलिन्स नावाचे दातांचे डॉक्टर होते. तेव्हा बरेच लोक म्हणत, भाजतं ते विजेमुळे, किरणांमुळे नाही. रॉलिन्स यांनी गिनीपिगांना अशा बंद पेटीत ठेवलं, की वीज त्यांच्यापर्यंत पोहोचूच नये, आणि मग किरण सोडले. बिचारे प्राणी मेले. दोष किरणांचाच होता. मग त्यांनी सांगितलं, माणसाने कशाला पेटीत बसायचं? नळीलाच किरण न सोडणाऱ्या पेटीत घाला आणि जिथे हवेत तेवढ्याच भागावर किरण पडू द्या. पेटी चांगली की गळकी, हे ओळखायला त्यांनी सुचवलेली युक्ती तर अगदी स्वस्तातली होती. पेटीच्या बाहेर फोटोची काच लावून ठेवा. सात मिनिटांत ती काळवंडली नाही, तर पेटी ठीक! आजच्या मानाने ही परीक्षा फारच सैल, पण तेव्हा दुसरं होतं काय? मला विचाराल तर शोध लावणाऱ्याइतकंच या माणसाचं नाव तुमच्या पुस्तकात असायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, शिसंच का? शिसं जड आणि त्याचे अणूही जड, त्यामुळे किरण त्यात चटकन अडतात. एक्स-रेच्या १०० किलोव्होल्टच्या किरणांना निम्मं करायला साधारण पाव मिलिमीटर शिसं पुरतं. म्हणजे दोन मिलिमीटरच्या पत्र्यात किती वेळा निम्मे होतील? आठ वेळा. करा बरं गणित! ढोबळमानाने २५६ मधला एकच भाग पलीकडे जातो. तेच काम काँक्रीटला सांगितलं, तर दर वेळी निम्मं करायला दीड-पावणेदोन सेंटिमीटर जाडी लागते. पण काँक्रीट आणि विटा स्वस्त! म्हणून खोली बांधताना नऊ इंची विटांची भिंत घालतात. कुठे बेरियमची पूड मिसळलेलं प्लास्टर करतात. महागाचं शिसं फक्त दाराला आणि खिडकीला. शिसं मऊ असतं, आपल्याच वजनाने ओघळतं, शिवाय विषारीही. म्हणून ते लाकडाच्या किंवा लोखंडी पत्र्याच्या आत झाकून टाकतात.

पण नुसती भिंत जाड असून भागत नाही. हे घरीच करून बघा. बुटाच्या रिकाम्या खोक्यात बॅटरी पेटवून ठेवा, झाकण लावा आणि खोलीत अंधार करा. उजेड कुठून येतो? पुठ्ठ्यातून नाही, कोपऱ्यांतून आणि झाकणाच्या फटीतून! कागदाची पट्टी दोन्ही बाजूंना थोडी चढवून चिकटवली, की फट बंद होते. शिशाचे पत्रेही असेच एकमेकांवर चढवून जोडतात. आता वायरसाठी सरळ भोक पाडा, उजेड थेट बाहेर. तिथे आतून पुठ्ठ्याचं वळणदार बोळकांडं केलंत, तर वायर जाईल, उजेड बहुतेक अडेल. एक्स-रे यंत्रं तयार करणारे आणि दुरुस्त करणारे लोक नळी तपासायच्या पेटीत हेच करतात. वर दाराला एक खटका लावतात. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो ना? इथे बरोबर उलटं. दार जरा उघडलं, की नळीची वीज बंद! मग मोजायचं यंत्र घेऊन प्रत्येक सांध्याशी तपासतात.

(खोक्याचा प्रयोग फक्त बॅटरीचा हं! पुठ्ठा एक्स-रे अडवत नाही. जुन्या यंत्राची नळी कुठे पडलेली दिसली तर तिला हात लावायचा नाही, वीज जोडायची तर नाहीच.)

अशी पेटी तुम्ही बघितलीही असेल. विमानतळावर किंवा मेट्रोच्या स्टेशनात पिशव्या ज्या यंत्रातून सरकत जातात, ते म्हणजे रॉलिन्स यांची पेटीच. तोंडाशी लोंबणाऱ्या त्या जड काळ्या झालरीत शिसं असतं. पिशवी अडकली म्हणून आत हात घालू नका, तिथल्या माणसाला सांगा.

पालकांसाठी थोडंसं. आपल्या देशात एक्स-रे यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. परवानगी आहे का, हे तुम्ही खुशाल विचारा. मुलाला धरायला आत थांबायची वेळ आली, तर शिशाचा अ‍ॅप्रन मागून घ्या. आईला दिवस गेले असतील तर ते आधी सांगा आणि धरायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. आणि मुलं हमखास विचारतात, "किरण खोलीत मागे राहतात का?" नाही. दिवा विझवल्यावर उजेड राहतो का? तसंच हे. बटण बंद, किरण बंद.